नॉर्मनची जोडीदार

१३ जानेवारी, मंगळवार

इंग्रिड कॅल्गरीला गेली त्याला आज नऊ दिवस झाले आणि तिच्या खुर्चीत डॅरिओ पेस्केटी येऊन बसला. आइस हॉकीवाला डॅरिओ. वर्गात माझ्या दोन बाकं पुढे बसतो. तीन वर्षांत माझ्याशी एकच वाक्य बोललाय, तेही आडनावाने हाक मारून: "रांताला, तुझी बॅग वाटेत आहे."

आमचा खेळ मंगळवारी शाळा सुटल्यावर ग्रंथालयात चालतो. ग्रंथपाल बोकाज बाई सूत्रधार. त्या गोष्ट सांगत जातात, आपण आपापलं पात्र होऊन काय करणार ते सांगायचं, आणि ते जमलं की नाही हे फासे ठरवतात. माझं पात्र ओर्ला, दोन वर्षं तीच खेळतेय. जादूगार आणि लेखनिक. तिची मंत्रांची वही माझ्या केमिस्ट्रीच्या वहीपेक्षा जाड आहे. लोइस ओकिमॉ वैदू आहे. इंग्रिड धनुर्धारी होती.

डॅरिओने योद्धा घेतला. नाव काय ठेवतोस विचारलं तर म्हणाला, "नॉर्मन."

"नॉर्मन?" मी म्हटलं. "हे ड्रॅगनांचं राज्य आहे."

"आमच्या शेजारच्या प्लंबरचं नाव आहे. चांगला माणूस आहे. तिथे पण नळ गळत असतीलच की."

लोइस टेबलावर डोकं ठेवून हसली. बाईसुद्धा हसल्या. मला हसू आलं नाही. नॉर्मनला ढालही नको. "ढाल कशाला, मागे हटायचंय कोणाला?"

लोइस सांगत होती, ख्रिसमसच्या आधी सामन्यात तो आपटला, डोकं कठड्यावर आदळलं, डॉक्टरांनी बर्फावर पाय ठेवायला बंदी केलीय. म्हणजे वेळ घालवायला आलाय. आमच्यावर.

२० जानेवारी, मंगळवार

आज त्याने दार न ठोठावता तीन खोल्यांमध्ये उड्या घेतल्या. तिसऱ्या खोलीत राक्षसीण होती. ती आहे हे बाईंनी दोनदा सांगितलं होतं. तो ऐकतच नाही. प्रत्येक गोष्ट परत विचारतो. "कोण म्हणालात? किती जण?" आणि घरात असल्यासारखा टोपी डोळ्यांवर ओढून बसतो. वर टेबलावरचा दिवा बंद करायला लावला, म्हणे डोळ्यांत जातो. मला माझी वही दिसेना.

मी बाईंना सांगितलं की अशाने आम्ही सगळे मरू. त्यावर बाईंनी काय करावं? गोष्टीत देवळातल्या म्हाताऱ्याकडून ओर्ला आणि नॉर्मनला जोडशपथ घ्यायला लावली. एकाला जखम झाली तर निम्मी दुसऱ्याला लागणार. एकमेकांपासून काही लपवायचं नाही.

"अभिनंदन," लोइस म्हणाली. "लग्नाला मला बोलावलं नाहीत."

घरी येईपर्यंत चिडचिड जाईना. बाबांची बर्फ हटवायची गाडी दारात होती, पण त्यांच्याशीही धड बोलले नाही. इंग्रिडला तीन मेसेज केले. तिचा अंगठा आला.

२७ जानेवारी, मंगळवार

डॅरिओ लबाडी करतो. माझ्याकडे पुरावा आहे.

मागच्या वेळी शंका आली म्हणून आज मी त्याचे सगळे फासे लिहून घेतले. वीस बाजूंच्या फाशावरचा आकडा अधिक नॉर्मनच्या ताकदीचे तीन, एवढीच बेरीज. चौदा पडले तर हा म्हणतो एकोणीस. अकरा फेकींपैकी सहा चुकीच्या.

शेवटी मी कागद सगळ्यांसमोर ठेवला. तेव्हा लोइस म्हणाली, "अगं, पण यातल्या चार त्याच्याच तोट्याच्या आहेत. सतरा पडलेत आणि सोळा सांगितलेत."

ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. इतका वेंधळा चोर मी पाहिला नाही.

तो भांडेल असं वाटलं होतं. तो कागदाकडे बघत राहिला. चेहरा पांढरा झाला होता. मग म्हणाला, "गंमत करत होतो." बाई म्हणाल्या, "डॅरिओ, खेळ संपल्यावर जरा थांब." पण तो बस चुकेल म्हणून आधीच निघून गेला. तो बसने जात नाही. चालत जातो.

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. का ते कळत नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

मी लॉकर उघडत होते तर हा शेजारी उभा. हातात कागदी पिशवी. आत दोन पर्शियन, म्हणजे आमच्याकडचे गोड पाव, वर गुलाबी साय थापलेले, अजून गरम.

"रांताला, तू हुशार आहेस ना?"

"काय हवंय?"

"मला तुझ्यासारखं खेळता आलं पाहिजे. तू मंत्र कसे लक्षात ठेवतेस? मला शिकव. पाच शब्द सांगायचे, पाच मिनिटांनी परत म्हणायचे. आकडे सांगायचे, उलटे म्हणायचे. महिने डिसेंबरपासून मागे. असलं काहीतरी."

"नॉर्मनला मंत्र नसतात."

"त्याला शिकायचेत. माणूस सुधारू शकत नाही का?"

मला खरं तर आनंद झाला. लोइसच्या मते तो कधीच मन लावून खेळणार नव्हता. आता उद्यापासून रोज मधल्या सुट्टीत, जिन्याखाली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

बादली, कावळा, शिडी, मध, खिळा. पाच मिनिटांनी त्याला दोनच आठवले. महिने उलटे म्हणताना ऑगस्टला अडकला आणि भिंतीवर मूठ मारली.

मी त्याला माझी युक्ती सांगितली. शब्द सुटे ठेवायचे नाहीत, त्यांची गोष्ट करायची. कावळा शिडीवर चढतो, खिळ्याला बादली टांगलीय, बादलीत मध. तो डोळे मिटून ऐकत होता.

"कावळ्याला मध कशाला?"

"सर्दी झालीय त्याला."

पाचच्या पाच आले. मग तो बराच वेळ हसत होता. मग डोकं धरून बसला. त्याला हसूही जोरात येतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

रोज जातेय. गणिताच्या तासाला बसवत नाही, पाय हलत राहतात, घड्याळ बघते. शिकवायला आवडतं म्हणून असेल. आई म्हणाली, "हल्ली केस विंचरून जातेस." मी नेहमीच विंचरते.

आता त्याला सहा आकडे उलटे येतात. मंगळवारी नॉर्मन पहिल्यांदाच दाराशी थांबला आणि म्हणाला, "ओर्ला, तू आधी बघ." मी मंत्र टाकला, आत सापळा होता, कोणालाही खरचटलं नाही. बाईंनी विचारलं, "नॉर्मन कधीपासून थांबायला लागला?" तो म्हणाला, "जोडीदाराला लागतं म्हणून."

हे वाक्य मी इथे लिहिलंय ते केवळ खेळाची नोंद म्हणून.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

काल तो शाळेत आला नाही, काहीतरी काम होतं. आज व्हरांड्यात, हॉकीच्या सगळ्या पोरांसमोर, त्याने मला दप्तरासकट उचललं. "ओर्ला, झालं! सगळं आलं मला, सगळं!"

"काय आलं?"

"सगळंच," तो म्हणाला आणि मला खाली ठेवलं. त्याच्या मित्रांनी शिट्ट्या मारल्या. मी दिवसभर कान लाल घेऊन फिरले. विचारायला हवं होतं नीट. नाही विचारलं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

डॅरिओ परत बर्फावर जायला लागलाय. डॉक्टरांनी परवानगी दिली. म्हणून आता मंगळवारी अर्धाच वेळ थांबणार.

पण आज तो इतका छान खेळला. आम्ही शेकोटीपाशी होतो, उद्या लढाई. बाईंनी सहज विचारलं, "नॉर्मन, झोप येत नाहीये का?" आणि तो नॉर्मनच्या आवाजात, म्हणजे त्याच्याच आवाजात पण हळू, म्हणाला, "मला लढता आलं नाही तर मी कोण, हे मला माहीत नाही. गावात कोणीच मला दुसऱ्या कशासाठी ओळखत नाही."

मी म्हटलं, "वा, काय अभिनय केलास." त्याने माझ्याकडे बघितलं, टोपी खाली ओढली आणि सरावाला निघून गेला. बाई त्याच्या मागे दारापर्यंत गेल्या, तिथेच उभ्या राहिल्या.

कौतुक केल्यावर लोक निदान थँक यू म्हणतात.

३ मार्च, मंगळवार

तो खेळायला आलाच नाही. घरी जाताना मैदानाच्या मागे, कुंपणाशी दिसला. वाकून उलटी करत होता. बर्फावर सगळं. उणे अठरा होतं आणि त्याने हातमोजे काढून बर्फ कपाळाला लावलं होतं.

"नोनाने कालचा मासा खाऊ घातला," तो म्हणाला. नोना म्हणजे त्याची आजी. त्याचे बाबा उत्तरेला खाणीत असतात, घरी दोघंच. मग विचारलं, "आज मंगळवार आहे का?" हो म्हटलं. थोडं चालल्यावर परत तेच. त्यांच्या कोपऱ्यावर तिसऱ्यांदा.

माझी चेष्टा करतोय असं वाटून मी शेवटी चिडून म्हटलं, "गुरुवार आहे."

तो म्हणाला, "बरं."

४ मार्च, बुधवार

आज आरोग्याच्या तासाला प्रथमोपचार होते. मिस्टर लाहतींनी लोइसला पुढे बोलावून खुर्चीत बसवलं. म्हणाले, समजा ही खेळताना डोक्यावर पडली. आता तुम्ही काय तपासाल? मग तिला म्हणाले, "मी पाच शब्द सांगतो, ते लक्षात ठेव. पाच मिनिटांनी विचारेन." मग म्हणाले, "आता महिने डिसेंबरपासून मागे म्हण." मग आकडे. उलटे.

मी उठून बाहेर गेले. कुणाला विचारलं नाही.

(स्वयंपाकघरात, संध्याकाळी.) सकाळपासून हेच चाललंय डोक्यात. मी मागची पानं वाचली. हे मीच लिहिलंय. दिवा, टोपी, सहा चुकीच्या बेरजा. मी त्याला चोर म्हटलं होतं. आणि मग त्याला युक्ती शिकवली. त्याच्या डोक्यात काय बिघडलंय ते डॉक्टरांना दिसू नये म्हणून मी त्याच्या हातात कावळा आणि शिडी दिली. मिस्टर लाहती म्हणाले, बरं होण्याआधी दुसरा मार बसला तर माणूस जागच्या जागी जाऊ शकतो. सोळा-सतराव्या वर्षी सुद्धा. त्या वयात तर जास्तच.

शनिवारी उपांत्य सामना आहे.

आई विचारतेय काय झालं. काही नाही म्हटलं. चहा गार झाला तो परत गरम केला, परत गार झाला.

५ मार्च, गुरुवार

जिन्याखाली गाठलं त्याला.

"तू बरा झालेला नाहीस."

"कोण म्हणतं? डॉक्टरांचा कागद आहे."

"तो कागद मी मिळवून दिलाय."

तो खाली पायरीवर बसला. "फक्त शनिवार, हेल्मी. मोठ्या संघाचा निवड करणारा माणूस येणारे. एक सामना. मग मी सांगेन सगळं, देवाशपथ. रविवारी स्वतः जाऊन सांगेन." पहिल्यांदाच त्याने मला हेल्मी म्हटलं.

"आणि शनिवारी आपटलास तर?"

"मला कोण आपटवतंय."

"डिसेंबरात कोणी आपटवलं?"

"ऐक. आपली शपथ आहे ना? जोडीदार आहेस ना तू?"

"तो खेळ आहे, डॅरिओ."

"हो का? मला वाटलं तुला एवढंच एक खरं वाटतं."

हे लागलं. हे लागावं म्हणूनच तो बोलला. घंटा झाली, तो उठला, तोल गेला, भिंतीला हात लावून उभा राहिला आणि मी बघितलं का ते वळून पाहिलं.

दिवसभर स्वतःशीच भांडतेय. सांगितलं तर तो मला कधी माफ करणार नाही. नाही सांगितलं आणि काही झालं नाही, तर तो रविवारी हसत येईल, मला उचलेल. हे मी खरंच मनात मांडून पाहिलं. दोन्ही बाजू. मला माझी लाज वाटते.

६ मार्च, शुक्रवार

प्रशिक्षकांकडे जायचं धैर्य झालं नाही. बोकाज बाई आज नव्हत्या. म्हणून शाळा सुटल्यावर पेस्केटींच्या घरी गेले. डॅरिओ सरावाला होता.

नोना एवढीशी आहे, माझ्या खांद्याला लागते. ओट्यावर पीठ लाटत होती. "तू ती वहीवाली पोरगी," म्हणाली. "ये. पोरगा तुझं नाव घेतो घरात. हात धू, कणकेच्या पट्ट्या काप."

मी सुरी घेतली. दोन पट्ट्या कापल्या. तिसरी वाकडी गेली.

"ठेव ती सुरी. काय केलंय त्याने? पोटुशी आहेस?"

"नाही, नाही."

"मग सोपं आहे. बोल."

मी सगळं सांगितलं. बेरजा, शब्द, उलटी, मंगळवार. माझी युक्तीसुद्धा. संपल्यावर तिने गॅस बंद केला, ओल्या फडक्याने कणीक झाकली, हात पुसले.

"मासा खाल्ला म्हणाला तुला?"

"हो."

"माझ्या घरात लेंटच्या उपासात शुक्रवारीच मासा होतो. सोमवारी नाही." तिने कोट चढवला. बुटांत पाय घालताना भिंतीला धरून थोडा वेळ तशीच उभी राहिली. "रोज सकाळी उलटी करतो. नळ सोडून ठेवतो, मला ऐकू येऊ नये म्हणून. मला ऐकू येत होतं, पोरी. मी म्हटलं, वय आहे, प्यायला असेल. मला तेच बरं वाटलं."

मी सोबत येऊ का विचारलं.

"नको. तुला तिथे त्याने बघू नये. माझ्यावर चिडू दे. मला सवय आहे."

पण ती मैदानाकडे वळली आणि मी घराकडे, आणि मला माहीत होतं की त्याला कळणारच. कावळ्याची गोष्ट अजून कोणाला ठाऊक आहे?

७ मार्च, शनिवार

हरले, पाच-एक. डॅरिओ खेळला नाही. नोनाने त्याला प्रशिक्षकांसमोर दहा आकड्यांची बेरीज करायला सांगितली म्हणे, कागदावर, सगळ्या संघादेखत. त्याला जमली नाही. लोइसच्या भावाने सांगितलं.

मी दिवसभर बाबांच्या गाडीत बसून होते. ते रस्ते साफ करत होते. काही विचारलं नाही त्यांनी. एकदा म्हणाले, "खिडकी लाव," आणि मी लावली.

९ मार्च, सोमवार

माझ्या लॉकरवर काळ्या शाईने लिहिलंय: चुगलखोर. लोइसने तिचा स्कार्फ थुंकीने ओला करून पुसायला घेतलं. अर्धंच निघालं. आता नुसतं "खोर" राहिलंय. "हे तर कसलंही खोर असू शकतं," ती म्हणाली. मला हसू आलं आणि मग रडू आलं.

त्याने फक्त एक मेसेज केलाय. "तू माझ्यासाठी नाही केलंस. तुझ्या मनाला टोचू नये म्हणून केलंस."

तीन वेळा उत्तर लिहून खोडलं. कारण ते पूर्ण खोटं नाही.

२४ मार्च, मंगळवार

नॉर्मनचा कागद बाई दर वेळी त्याच्या जागेवर मांडतात. मी आज म्हटलं, "त्याला मारून टाका ना गोष्टीत. किंवा इंग्रिडसारखं डोंगरापलीकडे पाठवा."

"इंग्रिडने मला सांगितलं होतं जाते म्हणून," बाई म्हणाल्या. "त्याने नाही सांगितलं."

मग फासे आवरताना म्हणाल्या, "जानेवारीतच मी त्याच्या घरी फोन करायला हवा होता. मला दिसत होतं. मला वाटलं, इथे येतोय, बसतोय, आपणहून बोलेल. मोठी माणसंही वाट बघतात, हेल्मी. तू बघितली नाहीस."

मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या असतील. मला बरं वाटलं नाही. घरी आले, पुस्तक उघडलं, मिटलं, चालायला गेले, परत आले.

११ एप्रिल, शनिवार

दुकानात नोना भेटली. टोमॅटो दाबून बघत होती. म्हणाली, मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. महिनाभर पडदे ओढून ठेवले होते. या वर्षी हॉकी नाही. पुढेही बहुधा नाही. उलट्या थांबल्यात. पुस्तक दहा मिनिटं वाचता येतं.

"माझ्याशी बोलतो का?" मी विचारलं. म्हणजे मला विचारायचं होतं, माझ्याबद्दल.

"भिंतीशी बोलतो," नोना म्हणाली. "तू भिंतीपेक्षा बरी आहेस. थांब थोडी." आणि एक टोमॅटो माझ्या हातात ठेवून गेली.

२८ एप्रिल, मंगळवार

आला.

आम्ही खेळायला बसलोच होतो. तो दारात उभा. बारीक झालाय. टोपी नव्हती. लोइस म्हणाली, "पेस्केटी, दार लाव, गार वारा येतोय," आणि तो आत आला, माझ्यापासून सगळ्यात लांबची खुर्ची घेतली.

"मी तुझ्यासाठी आलेलो नाही," तो म्हणाला. माझ्याकडे बघत नव्हता. "नोनाने घराबाहेर काढलं. सहापर्यंत परत येऊ नको म्हणाली."

"बरं," मी म्हटलं.

"आणि तुझ्या जागी मी असतो तर मी सांगितलं नसतं. तुला खेळू दिलं असतं."

"माहितीये."

"माहितीये म्हणे." त्याने नॉर्मनचा कागद ओढून घेतला आणि जवळ धरून वाचला. खूप वेळ लागला त्याला. कोणी घाई केली नाही.

बाईंनी गोष्ट सुरू केली. पुलापलीकडे शत्रूची छावणी. आज लढाई, दोन महिने टाळलेली. वैदू तयार आहे. ओर्लाही तयार आहे. "नॉर्मन, तू काय करतोस?"

तो फासा बोटांत फिरवत राहिला. मग टेबलावर ठेवला. फेकला नाही, ठेवला.

"नॉर्मन आज लढत नाही."

"मग तो कुठे जातो?"

"कुठे नाही. तो ओर्लाला विचारतो, तू एवढी वर्षं मागे बसून काय बघत होतीस?"

बाई माझ्याकडे वळल्या. माझी पाळी होती. दोन वर्षांत पहिल्यांदा मी वही बघितली नाही. मी सांगितलं, ओर्ला त्याला पुलाच्या अलीकडे, जरा उंचावर नेते. तिथून सगळी दरी दिसते, कोण कुठून येतंय ते दिसतं. ती म्हणते, इथे बस, आणि काही हललं तर मला सांग.

"मला दूरचं अजून धूसर दिसतं," डॅरिओ म्हणाला. हे नॉर्मन बोलत होता की तो, ते मी विचारलं नाही. या वेळी मला कळलं होतं.

"मग जवळचं सांग," मी म्हटलं.

तो खुर्ची थोडी पुढे सरकवून बसला. "जवळ एक हट्टी बाई आहे," तो म्हणाला. "ती निघालीय पुलावर एकटी."

"एकटी कसली," लोइस म्हणाली. "मी काय इथे लोणचं घालायला आलेय?"

आम्ही हरलो. ओर्लाला तीन जखमा झाल्या. प्रत्येक वेळी बाईंनी निम्मी नॉर्मनच्या कागदावर लिहायला सांगितली आणि प्रत्येक वेळी डॅरिओने, हळूहळू, चुकत, खोडत, ती लिहिली.